अठरावी पायरी

आमचे घरमालक माझ्याशी पहिल्यांदा बोलले ते असं: "पायऱ्या किती?"

मी तेव्हा अकरावीत होते. वडिलांची रेल्वेतली बदली होऊन आम्ही नागपूरहून जबलपूरला आलो होतो आणि रांझीतल्या त्यांच्या घराचा खालचा मजला भाड्यानं घेतला होता. घरमालक नवराबायको वर राहायचे. सामान पुरतं लागायच्या आधीच आईनं वाटीभर रस्साभाजी देऊन मला वर पिटाळलं. दारात एक उंच, किंचित वाकलेले गृहस्थ उभे होते. अंगात बंडी, खाली पायजमा आणि पायजम्याच्या नाडीला अडकवलेला पोलादी टेप. नाव नाही, गाव नाही, एकदम हा प्रश्न.

"कोणत्या पायऱ्या?" मी विचारलं.

"ज्या चढून आली त्या. हवेतून तर नाही आली ना?"

मी मोजल्या नव्हत्या. "मग जा, मोजून ये," ते म्हणाले. मीही बावळटासारखी वाटी घेऊन खाली गेले आणि मोजत वर आले. सतरापर्यंत ठीक चाललं होतं. अठराव्या पायरीला अंगठा आपटला आणि अर्धा रस्सा ओढणीवर आला. त्या पायरीला लाल ऑइलपेंट फासलेला मला दिसला होता, पण मला वाटलं, असेल कोणाची हौस.

"अठरावी!" काकांच्या चेहऱ्यावर आनंद मावेना. "बाकी साऱ्या साडेसहा इंच, ही दोन इंच जास्त. मिस्त्री चुकला होता. आता जन्मात नाही विसरत तू."

आतून काकूंचा आवाज आला, "अहो, पोरीच्या हातातली वाटी तर घ्या आधी!"

खाली येऊन मी आईला सांगितलं की वरचे काका जरा तसेच आहेत. माझं मत अजूनही बदललेलं नाही. पण आज मी आर्किटेक्ट आहे, दारावर माझ्या नावाची पाटी आहे, आणि ते जरा तसेच नसते तर ही पाटी नसती, हे मी कोणालाही शपथेवर सांगेन.

काका मूळचे अमरावतीकडचे. शाळेत असल्यापासून त्यांना आर्किटेक्ट व्हायचं होतं. वडील लवकर गेले आणि घरातल्या थोरल्यानं जे करायचं ते त्यांनी केलं, म्हणजे जबलपूरला मामाकडे आले आणि संरक्षण खात्याच्या कारखान्यात ड्रॉइंग ऑफिसात लागले. सगळी नोकरी त्यांनी गाड्यांच्या सुट्या भागांची ड्रॉइंग काढण्यात घालवली. केसाएवढ्या फरकाला तिथे माफी नसायची, आणि ती सवय त्यांनी निवृत्तीच्या दिवशी हारतुऱ्यांबरोबर घरी आणली. आयुष्यात त्यांनी एकच इमारत काढली, ती म्हणजे हे घर.

गल्लीत त्यांना सगळे 'टेपवाले दादाजी' म्हणायचे. एकदा सदरमधल्या एका हॉटेलात आम्ही दोन्ही कुटुंबं डोसा खायला गेलो होतो. काका बसले, लगेच उठले आणि त्यांनी खुर्चीला टेप लावला. "एकोणीस इंच! इथं जिराफ येतात का जेवायले?" त्यांनी सबंध डोसा उभ्यानं खाल्ला. वेटर गमतीत म्हणाला, "दादाजी, टेबल भी नाप लो." काकांनी तेही मापलं. माझ्या वडिलांना मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

लग्नात तर त्यांना नेणंच धोक्याचं होतं. एका लग्नात मंडपवाल्यानं स्टेजला नऊ इंचांच्या पायऱ्या केल्या होत्या. काकांनी वधूपित्याला गाठून सांगितलं, की भारी शालू नेसलेली मुलगी या पायऱ्यांवर पडणार. वधूपिता त्या क्षणी आणखी कशात तरी बुडालेला होता. तेव्हा काका स्वतःच जाऊन स्टेजच्या पायऱ्यांशी उभे राहिले आणि वर जाणाऱ्या-उतरणाऱ्या प्रत्येकाला हात देत राहिले. नवरीला, भटजींना, फोटोवाल्याला, अनोळखी पाहुण्यांना. पंगत उठली तरी ते हलले नाहीत. लोकांना ते मंडपवाल्याचे माणूस वाटले. मला तेव्हा हसू आलं होतं.

पण त्यांचा खरा छंद म्हणजे डोळे मिटून जिने चढणं. पोस्ट, बँक, तहसील कचेरी, रेल्वेचा पूल, कुठेही. जिन्याच्या तळाशी उभं राहायचं, डोळे मिटायचे आणि चालू लागायचं. कुठे पाऊल अडलं, कुठे हवेत पडलं, हे पायाकडून समजून घ्यायचं आणि मग टेप लावून खात्री करायची. लोकांना वाटायचं, म्हातारा आंधळा आहे. एखादा भला माणूस पुढे होऊन म्हणायचा, "दादाजी, हाथ पकड़ लूँ?" काका खवळायचे. "बिघडवलं ना बे सारं! आता पुन्हा खालून!"

प्रत्येक जिना घरी येऊन एका वहीत लिहिला जायचा. कुठला, पायऱ्या किती, चढ किती, पाऊल ठेवायची जागा किती आणि शेवटी शेरा, पास किंवा नापास. बडा फुहाऱ्याजवळच्या कापडदुकानांचे जिने एकजात नापास होते. भेडाघाटला चौसष्ट योगिनींच्या देवळाकडे जाणाऱ्या दगडी पायऱ्यांपुढे लिहिलं होतं, 'नापास, पण माफ'. देवीकडे जाताना माणसानं खाली बघतच जावं, असं त्यांचं म्हणणं. मी एकदा विचारलं, "काका, शंभरपैकी शंभर कोणाला?"

"जो जिना चढून गेल्यावर आठवतच नाही, त्याले."

"आठवतच नाही, तर मग वहीत लिहिणार कसा?"

काका खो खो हसले. "म्हणूनच तर वहीत नाही ना अजून!"

माझी त्यांच्याकडे शिकवणी सुरू झाली ती गणितात नापास झाल्यावर. सहामाहीचा निकाल पाहून वडिलांनी मला वर पाठवलं. काकांनी पुस्तक उघडलंच नाही. त्यांनी एक सुतळी आणली, तिला सारख्या अंतरावर बारा गाठी मारल्या, तिची टोकं बांधली आणि मला म्हणाले, "तीन गाठी इकडं, चार तिकडं, पाच तिरपं. ताण." मी ताणली. फरशीवर काटकोन उभा राहिला. त्यांनी गुण्या लावून दाखवला, तसूभर फरक नव्हता. पायथागोरसचा सिद्धांत मी दोन वर्षं पाठ करत होते, पण तो सुतळीत असतो हे मला कोणी सांगितलं नव्हतं. काका म्हणाले, जगातलं प्रत्येक देऊळ, मशीद, किल्ला अशाच एखाद्या दोरीनं जमिनीवर आखला गेला. पुढच्या रविवारी त्यांनी मला भेडाघाटला नेलं आणि योगिनींच्या त्या गोल आवारात दोरी हातात देऊन सांगितलं, "शोध मध्यबिंदू." दोन जीवा, त्यांचे दुभाजक, मी घामाघूम. सहलीला आलेली माणसं आम्हाला पुरातत्त्व खात्याचे लोक समजून वाट देत होती. दुभाजक जिथे छेदले तिथे मी उभी राहिले, तेव्हा आवाराच्या भिंतीतली प्रत्येक मूर्ती माझ्यापासून सारख्या अंतरावर होती. त्या दिवशी मला वर्तुळ समजलं.

कमान त्यांनी काकूंच्या गळ्यातल्या साखळीनं शिकवली. साखळीची दोन टोकं दोन हातांत धरून ती सैल लोंबू दिली. "हिच्यात नुसता ताण आहे. आता ही उलटी करून दगडाची केली, तर नुसता दाब राहील. दगडाले दाब चालतो, ताण चालत नाही. झाली कमान." खाली आरसा धरून त्यांनी ती उलटी करूनही दाखवली. स्पेनमधल्या एका गृहस्थांनी सबंध देऊळ असं दोऱ्या आणि पिशव्या टांगून काढलं होतं, हे मला तेव्हाच कळलं. काका त्यांना 'साखळीवाले' म्हणायचे.

ही त्यांची आणखी एक तऱ्हा. थोर वास्तुशिल्पकारांची नावं ते कधी घ्यायचे नाहीत. साखळीवाले, चंदीगडवाले, विटा वाचवणारे केरळवाले. नाव पाठ झालं की पोरं इमारत बघायचं सोडतात, असं त्यांचं म्हणणं. "ताजमहाल कोणी बांधला विचार, तर बादशहाचं नाव सांगतील. बादशहानं एक तरी दगड उचलला का?" या मंडळींबद्दल ते अशा घरोब्यानं बोलायचे, की कोणाला वाटावं ते पलीकडच्या गल्लीत राहतात. चंदीगडवाल्यांशी त्यांचं भांडणच होतं. त्यांनी माणसाच्या शरीरावरून इमारतीची मापं बांधली, ते काकांना मान्य होतं. "पण त्याचा माणूस सहा फुटाचा! तुझी काकू पाच फुटाले एक इंच कमी. मसाल्याची फळी मी कोणाच्या मापानं लावू?" स्वयंपाकघरातला ओटा, फळ्या, खिडकीची कडी, सगळं त्यांनी काकूंच्या मापानं केलं होतं. त्यांना स्वतःला त्या ओट्याशी वाकून उभं राहावं लागायचं, आणि पोळ्या रोज तेच करायचे.

काकूंचा उजवा हात मनगटात वाकडा होता. खूप आधी कधीतरी पडल्या होत्या, एवढंच त्या सांगायच्या. लाटणं धरता येत नसे. काका पोळ्या लाटायचे, सगळ्या सात इंची, पहिल्या पोळीला टेप लागलेला मी स्वतः पाहिलाय. मला जिन्याचं गणित त्यांनी कणीक मळता मळता सांगितलं. दोन पायऱ्यांचा चढ आणि एका पायरीची रुंदी, बेरीज चोवीस इंचाच्या आसपास आली पाहिजे. चढ वाढला तर रुंदी कमी कर, कारण माणसाचं पाऊल तेवढंच आहे. "आणि काहीही झालं तरी साऱ्या पायऱ्या सारख्या. पहिल्या दोन पायऱ्यांत पाय माप पाठ करतो आणि मग डोळ्याले विचारत नाही. मधातच एक वेगळी आली, की माणूस पडला."

बारावीनंतर वडिलांना मी बँकेच्या परीक्षा द्याव्यात असं वाटत होतं. काका पायजमा बदलून, शर्ट घालून खाली आले. शर्ट घातलेले काका आम्ही फक्त लग्नांत पाहिले होते. ते वडिलांना म्हणाले, "भाऊसाहेब, हिले इमारत दिसते. साऱ्यांले नाही दिसत. मले दिसत होती, अन् मी तीस वर्षं गिअरबॉक्स काढले. पुढं तुमची मर्जी." एवढं बोलून ते वर गेले. तिसऱ्या दिवशी वडिलांनी आर्किटेक्चरच्या प्रवेशपरीक्षेचा फॉर्म आणला.

शिक्षण झालं, भोपाळला एका मोठ्या ऑफिसात उमेदवारी झाली आणि मी जबलपूरला परत येऊन स्वतःचं काम सुरू केलं. आईवडील तोवर नागपूरला गेले होते. काकांच्या घराचा खालचा मजला आता माझं ऑफिस होता. पहिलं मोठं काम मिळालं ते शहपुऱ्याला, मुलींचं वसतिगृह. आसपासच्या खेड्यांतून शाळेसाठी येणाऱ्या साठ मुली तिथे राहणार होत्या. एक ट्रस्ट ते बांधत होता आणि अध्यक्ष होते शहपुऱ्याचेच एक धान्याचे व्यापारी.

जिना मी जीव लावून काढला होता. नऊ पायऱ्या, वळणावर ऐसपैस चौक, पुन्हा नऊ. दोन चढ आणि एका रुंदीची बेरीज बरोबर चोवीस. जिना ओतून झाला, त्याच्यावर दगड बसला. मग अध्यक्षांचा फोन आला, की कोणीतरी चांगला दगड दान दिलाय, वरच्या मजल्यावर साध्या सिमेंटऐवजी तोच घालू का. मी दुसऱ्या एका साइटवर होते. म्हटलं, हो, घाला.

वरची फरशी झाली आणि मी पाहायला गेले. अठराव्या पायरीवर माझा अंगठा आपटला.

मी तिथेच बसून टेप लावला. दगड आणि त्याच्या खालचा मसाला मिळून वरची जमीन सव्वादोन इंच उचलली गेली होती. सतरा पायऱ्या सारख्या आणि शेवटची सव्वादोन इंच जास्त. आणि चढण्यापेक्षा उतरणं वाईट, कारण वरून निघालेलं पहिलंच पाऊल खड्ड्यात पडल्यासारखं पडणार. सकाळी शाळेची घंटा झाली की साठ मुली इथून धावत सुटणार होत्या. ठेकेदार शेजारी उभा होता. तो म्हणाला, "मैडम, दो-सवा दो इंच कौन देखता है? उद्घाटन के कार्ड छप गए हैं." ते खरंच होतं. सगळ्या पायऱ्यांचे दगड काढून पुन्हा बसवायचे म्हणजे तारीख जाणार होती, आणि ती का गेली ते मला अध्यक्षांना सांगावं लागणार होतं. माझ्या पहिल्याच कामात.

तिथून मी सरळ काकांकडे आले. ते ओट्याशी वाकून पोळ्या लाटत होते, काकू खाली बसून मेथी निवडत होत्या. मी सगळं सांगितलं. माझा बेतही सांगितला. "शेवटची पायरी लाल रंगवून टाकते, काका, तुमच्यासारखी. वर एक पाटी लावते. आणि अध्यक्षांना सांगते, ठेकेदार चुकला."

काकांचं लाटणं थांबलं. "काय सांगशील?"

"ठेकेदार चुकला म्हणून."

त्यांनी गॅस बंद केला. हात झटकले. आतल्या कपाटातून एक पिवळट गुंडाळी काढून आणली आणि फरशीवर पसरली. चार कोपऱ्यांवर चार वाट्या ठेवल्या. त्यांच्या हातचा, त्यांच्याच घराचा नकाशा होता. कोपऱ्यात त्यांची सही.

"जिन्याचा छेद पाहा. वरची जमीन किती जाड दाखवली?"

"अर्धा इंच. सिमेंट."

"आणि तू बसली आहे ते काय आहे?"

मी संगमरवरावर बसले होते. भेडाघाटचा, पांढरा.

"मिस्त्रीनं मले विचारलं होतं," काका म्हणाले. ते माझ्याकडे बघत नव्हते. "साब, ऊपर कौन सा फर्श लगेगा, पहले बता दो, फिर सीढ़ी ढालूँगा. मी त्याच्यावर डाफरलो. म्हटलं, नक्शा कोणी काढला, तू का मी? काढलं तसं कर. मग हिच्या मनात संगमरवर आला. मीच हो म्हटलं. पायरीची आठवण मलेच नाही झाली. सहा महिन्यांनी ही वरून उतरताना पडली."

मी काकूंच्या मनगटाकडे पाहिलं. इतकी वर्षं ती लाल पायरी आणि तो वाकडा हात मी रोज पाहिला होता, पण दोन्ही एकत्र कधी पाहिले नव्हते.

"दवाखान्यात डॉक्टरनं विचारलं, कसं झालं. माझ्या तोंडून निघालं, मिस्त्री चुकला. एकदा निघालं, मग तेच निघत राहिलं. इमानदार माणूस होता तो. कारखान्यातल्या लोकांनी त्याले काम देणं बंद केलं, माझ्या एका शब्दावर."

"मग दुरुस्त का नाही करून घेतलीत?"

"दुरुस्तीले मिस्त्रीच बोलवा लागते ना. तो टेप लावेल अन् म्हणेल, साब, ये तो नक्शे की गलती है. कोणाले बोलवू?"

मग काकूंनी मेथीची जुडी बाजूला ठेवली. "मले माहीत आहे," त्या म्हणाल्या.

काकांनी मान वर केली.

"मिस्त्रीची बायको मले पाहायले दवाखान्यात आली होती. तिनंच सांगितलं. रडून राहिली होती बिचारी."

"तू बोलली काहून नाही मग कधी?"

"तुम्ही कधी बोलता ते पाहून राहिली होती," काकू म्हणाल्या. "वीस-बावीस वर्षं झाली."

काकांनी डोळे पुसले, ज्या हातानं पुसले त्याला कणीक लागली होती, ती भुवईला चिकटली. मला रडूही येत होतं आणि हसूही. एकदम ते माझ्याकडे वळले. "किती जास्त आहे तुझं?"

"सव्वादोन इंच."

"सुतात सांग." इंचाचे आठ सूत. गवंडी अजून सुतातच बोलतात.

"अठरा सूत."

"पायऱ्या?"

"अठरा."

मी बोलले आणि माझं मलाच दिसलं. काका म्हणाले, "मग तोंड पाडून काहून बसली? एकेक सूत वाटून दे. पहिली पायरी एक सूत उचल, दुसरी दोन, तिसरी तीन, मधल्या चौकासकट वरपर्यंत. एक सूत पायाले कळत नाही. दगड मात्र सारे काढा लागतील. अन् अध्यक्षाले खरं सांगा लागेल. ते माझ्यानं झालं नाही, तू कर."

मी दुसऱ्या दिवशी शहपुऱ्याला गेले. अध्यक्षांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढला आणि विचारलं, "मैडम, आप लिखकर देंगी कि गलती आपकी है?" मी त्यांच्या गादीवर बसूनच लिहून दिलं. अक्षर इतकं वाकडं आलं की मलाच लाज वाटली. त्यांनी कागदाची घडी करून खिशात ठेवली, उद्घाटन पुढे ढकललं आणि महिनाभर माझ्याशी कामापुरतंच बोलले. नंतर मला कळलं, की ते तो कागद गावात दाखवत फिरत होते, ही बाई चूक लिहून देते म्हणून. माझी पुढची दोन कामं त्या कागदामुळे आली. ठेकेदारानं दगड पुन्हा बसवताना स्वतः दोरी धरली. म्हणाला, "मैं तो सोच के बैठा था कि नाम मेरा ही लगेगा."

काकाही एक दिवस शर्ट घालून घमापूरला गेले, मिस्त्रीच्या घरी. मिस्त्री वारल्याला आठ वर्षं झाली होती. त्याच्या बायकोशी बोलून आले. ती काय म्हणाली ते त्यांनी आम्हाला सांगितलं नाही, आणि काकूंनी विचारलं नाही. त्या दिवसापासून मात्र वर येणाऱ्याला काकांची हाक वेगळी ऐकू येऊ लागली. "अठरावी! मी चुकलो होतो!" कुरिअरवाल्याला, गॅसवाल्याला, सगळ्यांना. दूधवाला पहिल्यांदा गोंधळला, मग म्हणाला, "कोई बात नहीं, दादाजी." मी ती पायरी दुरुस्त करून देते म्हटलं, तर काकूंनीच नाही म्हटलं. "माझ्या पायाले आता हीच पाठ आहे. सरळ केली तर पुन्हा पडीन."

वसतिगृह सुरू झालं तेव्हा काका येऊ शकले नाहीत. काचबिंदूनं त्यांची नजर जात चालली होती, दवाखान्याच्या फेऱ्या सुरू होत्या. आता त्यांना उजेड आणि माणसाची आकृती एवढंच कळतं. "बरं झालं, आधीच प्रॅक्टिस केली," ते म्हणतात. हे ते सगळ्यांना हसत सांगतात. मला त्याचं हसू येत नाही.

गेल्या हिवाळ्यात मी दोघांना गाडीत घालून शहपुऱ्याला नेलं. खरं सांगायचं तर मला त्यांच्या तोंडून 'पास' ऐकायचं होतं. काकूंनी पिशवीत वही घेतली होती, पेन घेतलं होतं. काकांच्या खिशात टेप होता.

वाटेत बडा फुहाऱ्याला थांबून आम्ही खोव्याची जिलबी घेतली, आणि तिथून दोघांचं जे जुंपलं ते शहपुऱ्यापर्यंत चाललं. काका म्हणत होते, पूर्वीसारखा खोवा राहिला नाही. काकू म्हणत होत्या, पूर्वीसारखी जीभ राहिली नाही. वसतिगृहाशी उतरलो, तरी भांडण चालूच. मुली शाळेत गेल्या होत्या, आवार शांत होतं. काकूंनी काकांचा हात धरला, मी पुढे झाले. "तू सांग पोरी," काका मला म्हणत होते, "तुपाचा वास तरी होता का त्याले?" मी हो-नाही करत राहिले. काकू म्हणाल्या, तुम्हाला सकाळच्या चहाचाही वास येत नाही. काका म्हणाले, त्यात चहापत्ती असेल तर येईल ना.

वरच्या व्हरांड्यात आम्ही थांबलो. तिथे दक्षिणेकडून वारा येतो. काकांनी चेहरा वाऱ्याकडे केला आणि म्हणाले, "हवा छान येऊन राहिली." मग एकदम आठवण झाल्यासारखे माझ्याकडे वळले. "चलो, जिलबी पुरे झाली. तुझा जिना कुठं आहे? ने मले."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं.

"अहो," काकू म्हणाल्या, "आपण वर येऊन गेलो."

काकांनी एक पाय थोडा मागे सरकवला, चाचपला, पुन्हा जागेवर आणला. हात टेपाकडे गेला होता, तो खिशावरच थांबला. माझ्या डोक्यावर हात ठेवायला त्यांना थोडं शोधावं लागलं, मी एक पाऊल पुढे झाले.

काकूंनी पिशवीतून वही काढली होती. पेनाचं टोपण काढून त्यांनी विचारलं, "काय लिहू?"

"ठेव ती पिशवीत," काका म्हणाले.

त्या वहीत जबलपूरचे शेकडो जिने आहेत. माझा नाही.